सोनेरी कार्डावर एकच पाहुणा

"तो डबा आधी बाहेर काढ," विमानरावांनी दाराला कुलूप लावता लावता बायकोला फर्मावलं. "लाउंजमध्ये बसणारी माणसं डबे घेऊन हिंडत नाहीत."

"आणि विमान लेट झालं तर?"

"झालं तर बरंच. तेवढंच जास्त बसायला मिळेल."

कुलूप पुन्हा उघडलं गेलं आणि डबा ओट्यावर परत गेला. सासूबाईंना तर जावयाने आदल्या दिवशीच बजावलं होतं की सकाळी चहासुद्धा घेऊ नका, आत सगळं आहे, पोटात जागा ठेवा. त्या बिचाऱ्या जावयाच्या शब्दाखातर कोरड्या घशाने, डावा गुडघा सांभाळत टॅक्सीत चढल्या. तिघं निघाली होती सासूबाईंच्या थोरल्या मुलीकडे, पण विमानरावांच्या मते प्रवासाचा खरा मुक्काम विमानतळावरच होता.

विमानराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गृहस्थ पंप विकायचे. अर्धा महिना हवेत असायचे, म्हणून सासरच्यांनी चेष्टेने ठेवलेलं हे नाव त्यांनी पदवीसारखं मिरवलं. घरात कुणी आजारी पडो, नळ फुटो, हे नेमके बाहेरगावी. आणि परत आले की विचारपूस राहिली बाजूला, पुराण एकच: लाउंज, म्हणजे कार्डवाल्यांसाठी विमानतळावर केलेली खास बैठक. तिथली खुर्ची कशी मागे कलते, तिथली माणसं कशी हळू बोलतात, तिथे केक कसा हवा तितका मिळतो. बायको ऐकून ऐकून विटली. एकदा म्हणालीच, "एवढं कौतुक आहे तर मलाही दाखवा की तुमचं ते माहेर."

ते यांच्या मनाला लागलं. तिला एकदा त्या खुर्चीत नेऊन बसवलं की एवढ्या वर्षांची कुरकुर एका दमात बंद होईल, असा त्यांचा हिशेब होता. आज तो दिवस उजाडला होता. काचेच्या दारापाशी पोचल्यावर त्यांनी विमान कंपनीचं सोनेरी कार्ड काउंटरवर असं ठेवलं, की आता समोरची मुलगी उठून उभीच राहणार.

मुलगी बसूनच म्हणाली, "सर, गोल्डवर एकच पाहुणा."

"आम्ही तिघं आहोत."

"हो सर. तुम्ही आणि एक."

"ही माझी बायको आहे. या माझ्या सासूबाई. पाहुणा यात कोणी नाही."

"कार्ड तुमचं आहे सर. बाकी सगळे पाहुणेच."

विमानरावांची कानशिलं तापली. पण मागे सासरची माणसं उभी होती, म्हणून त्यांनी दात दाखवले. "बरं, एकीचे पैसे घ्या."

"आज गर्दी आहे सर. पैसे घेऊन आत सोडणं बंद आहे."

"मग असं करतो, आधी हिला अर्धा तास नेतो, मग आईंना."

"तुमच्या बोर्डिंग पासवर एकदाच आत जाता येईल. बाहेर पडलात की संपलं."

"ठीक आहे. मी बाहेर बसतो. या दोघी जातील." हे बोलताना त्यांना स्वतःच्याच मोठेपणाने भरून आलं.

"मेंबर आत नसेल तर पाहुण्याला थांबता येत नाही सर. तुम्ही उठलात की पाहुणा उठला."

"जाऊ द्या हो," बायको म्हणाली. "तिकडे कोपऱ्यात सँडविच मिळतंय. तिघं मिळून खाऊ."

"मला तर नुसता चहा मिळाला तरी पुरे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भुकेने बारीक झाला होता.

इथेच हा माणूस गप्प बसला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण सँडविच म्हणताच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं ज्याच्या गोष्टी सांगितल्या, त्या दारातून बायकोदेखत माघारी फिरायचं, आणि तेही सासूसमोर? त्यांनी काउंटरवर हात आपटला. रांगेतली माणसं फोन खिशात घालून बघायला लागली.

"तुम्ही मला नियम शिकवता?" विमानराव कडाडले. "तुमच्या कंपनीसाठी मी किती मरमर केलीय, माहितेय? हे कार्ड असं रस्त्यावर पडलेलं नाही मिळालं. गेल्या वर्षी गोल्ड जायची वेळ आली होती, वर्षाच्या ठरलेल्या विमानफेऱ्यांत फक्त दोन कमी पडत होत्या. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी स्वतःच्या खिशातून तिकीट काढलं, गेलो, आणि तिकडच्या विमानतळाबाहेर पाऊलसुद्धा न टाकता संध्याकाळी परत आलो. काही काम नव्हतं, काही नाही. दिवसभर नुसता लाउंजमध्ये बसून होतो. का, तर हे कार्ड टिकावं म्हणून. आणि तुम्ही मला एक पाहुणा सांगता?"

काउंटरवरची मुलगी विमानरावांच्या खांद्यावरून मागे बघत होती. त्यांनीही वळून बघितलं.

"डिसेंबरचा शेवटचा रविवार," बायको म्हणाली. "म्हणजे आपण घर बदललं तो."

विमानरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्ही तर म्हणालात कारखान्यात पाणी शिरलंय. पंप बंद पडलेत, माणसं गुडघाभर पाण्यात उभी आहेत. मी तर तुम्हाला जास्तीचे मोजे दिले."

"अगं, म्हणजे, तसं पाणी होतंच..."

"कपाट मी आणि आईने चढवलं. तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. आईचा गुडघा त्या दिवसापासून दुखतोय, आणि तुम्ही घरी आलात की तिला विचारता, काय आई, थंडीने का?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. विमानरावांना वाटलं, त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बायकोचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला त्याचा अर्थ बरोबर कळतो. ती त्यांना बाजूला सारून काउंटरपाशी गेली.

"हे बाहेर आले तर पाहुण्यालाही उठावं लागतं ना?"

"हो मॅडम."

"आणि एकदा बाहेर आले की परत आत सोडत नाही?"

"नाही मॅडम."

"चांगले नियम आहेत. कोणीतरी डोकं चालवून केलेत." तिने सासूबाईंची पिशवी विमानरावांच्या हातात दिली. "आई, तू जा यांच्याबरोबर. पोटभर खा. घाई करू नकोस."

"अगं, पण मला तुलाच आत न्यायचं होतं," विमानराव कळवळून म्हणाले. ते खरंच होतं, आणि तेच तर दुर्दैव.

"मला बाहेरच बरं वाटेल," ती म्हणाली, आणि सँडविचच्या दिशेने निघून गेली.

आत खुर्ची नेहमीसारखीच मागे कलत होती. विमानराव मात्र ताठ बसले होते. सासूबाईंनी चहा घेतला, केक खाल्ला, पुन्हा चहा घेतला. काचेपलीकडे बायको बाकावर बसली होती. चपला काढून पाय बॅगेवर ठेवले होते आणि सँडविच सावकाश खात होती. एकदाही तिने आत बघितलं नाही.

"मी जरा तिच्याशी बोलून येतो," विमानराव अर्धवट उठत म्हणाले.

"बसा जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही उठलात तर मलाही उठावं लागेल. गुडघा दुखतोय माझा."

विमानराव बसले. तेवढ्यात वरच्या स्पीकरमधून गोड आवाज आला की त्यांचं विमान अडीच तास उशिरा सुटेल, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

सासूबाईंनी तिसरा चहा मागवला, दुखरा पाय समोरच्या स्टुलावर ठेवला आणि खुर्ची जेवढी मागे जाईल तेवढी नेली.

"तर," त्या म्हणाल्या, "त्या रविवारी सकाळी सकाळीच ट्रक दारात येऊन उभा राहिला."