बारा टक्के आणि एक घंगाळ

कुंभार पिंपळगावात व्यवहार कळतो तो फक्त आपल्याला, असं द्वारकाबाईचं स्वच्छ मत होतं. बाकीची माणसं नुसता खर्च करतात! त्यामुळं पंच्याण्णव साली बँकेनं ठेवीचं व्याज बारा टक्के केल्याचं बाजारात कानावर आलं, तेव्हा तिनं भाजीची पिशवी तिथंच टेकवली आणि सांगणाऱ्याला तीनदा विचारलं, हा भाव ठरवतं कोण? कापसाचा भाव मोंढ्यातले व्यापारी ठरवतात. व्याजाचा व्यापारी कुठं बसतो? कुणालाच सांगता येईना.

तिचा मुलगा बद्रीनाथ जालन्याला कचेरीत होता. सात वर्षांपूर्वी त्यानं आईच्या नावावर मुंबईच्या एका फंडाची युनिटं घेतली होती. ती मोडून बँकेत टाक, असं तिनं फर्मावलं.

"आई, युनिटांवर कर न्हाई. बँकेच्या व्याजावर लागंल."

"एवढ्याशा व्याजासाठी सरकार जालन्याहून हिकडं यायचं न्हाई. ती युनिटं बाजारासंगं वरखाली करून राह्यली, अन् माझं काळीज बी."

मधल्या काळात द्वारकाबाई प्रौढांच्या वर्गात सही शिकली होती. एका सहीत दोन भाकरी भाजून व्हाव्यात, इतकी निगुतीनं करायची. अर्जावर तिनं ती ठोकली. मुंबईहून अर्ज परत आला : मूळ कागदावर अंगठा आहे, सही चालणार नाही.

शिकलेल्या बाईनं पुन्हा अंगठा करायचा? तीन दिवस तिनं त्या पाकिटाकडं पाठ फिरवली. चौथ्या दिवशी कडुलिंबाचा पाला खाल्ल्यासारखं तोंड करून अंगठा उमटवला. तोही परत आला! मूळ अंगठ्यावर आडवी पांढरी रेघ आहे, ह्यावर नाही.

बद्रीनाथनं आईचा अंगठा उजेडात धरला. "रेघ कुठं गेली?"

द्वारकाबाईनं हात सोडवून अंगठा पदरात लपवला. तिचं असं बिनसलं की घरातली मांजरंसुद्धा अंगणात जायची.

रेघ गल्लीपलीकडं होती. युनिटांचा एजंट कागद घेऊन आल्ता त्या दिवशी तिचे हात कोपरापर्यंत लोणच्यात होते. म्हणून तिनं धाकट्या जावेला, साळूबाईला सांगितलं होतं, तूच टेकव गं, घर एकच हाय. साळूबाईचा अंगठा विळीवर कापलेला. पुढं घराच्या वाटण्या झाल्या. अंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं घंगाळ द्वारकाबाईनं ठेवून घेतलं, आणि दोघींचं बोलणं चार वर्षं बंद.

पण व्याज कधी उतरेल ह्याचा नेम नव्हता. भर दुपारी ती साळूबाईच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. साळूबाई गहू निवडत होती, तिनं मान वर केली नाही. तेव्हा द्वारकाबाई अंगणातल्या तुळशीकडं बघून म्हणाली,

"तुळशीमाय, काही बायांच्या अंगठ्याला लई भाव आलाय म्हणं."

साळूबाईनं सुपातला एक खडा उचलून लांब फेकला. "भाव कोण ठरवतं, तेबी इचार म्हणावं तुळशीला."

द्वारकाबाईला एकदम उजेड पडला. बाजारात कुणाला सांगता आलं नव्हतं ते हेच : ज्याच्यावाचून दुसऱ्याचं अडतं, तो ठरवतो.

"किती?" तिनं विचारलं. चार वर्षांतला हा पहिला सरळ शब्द.

"घंगाळ."

घंगाळ गल्ली ओलांडून गेलं. बद्रीनाथ ते डोक्यावर घेऊन गेला तेव्हा शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. द्वारकाबाईनं सगळ्यांना सांगितलं, कल्हईला पाठवलंय.

रेघेचा अंगठा मुंबईला गेला आणि महिन्याभरात युनिटांचे पैसे आले. व्याज अजून बाराच होतं. बँकेत साळूबाईपण सोबत आली. आपला अंगठा कुठं कामाला लागला ते तिला बघायचं होतं. द्वारकाबाईनं पदर सावरला आणि जीभ दातात धरून एकेक अक्षर काढलं. मागं रांग दारापर्यंत गेली.

"आजी, पैसे काढताना बराबर अशीच सही लागंल," साहेब म्हणाले.

द्वारकाबाईनं कागदाकडं पाहिलं. 'का'चा काना शेजारच्या रकान्यात गेल्ता.

"काळजी करू नका साहेब," साळूबाई आपला अंगठा पदराला पुसत म्हणाली. "जमलं न्हाई तर मी हाय. अजून पितळेची परात तिच्याकडंच हाय."