दारकोजी नाईकांनी पेठेचा बेलभंडार घेतला त्याची हकीगत

श्रीकुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवोन, आणि दुसऱ्याचे बरे ज्यांचे पोटात मावत नाही त्या सर्वांची आगाऊ क्षमा मागोन, लिहिली हकीगत ऐसीजे. शके सोळाशे बाहात्तर, प्रमोदनाम संवत्सरे, वैशाख मासी एका दौलतीने शेजारील दौलतीची पेठ जिंकिली, आणि तेथील किल्लेदार निळो बल्लाळ पायास गोळी लागोन पाडाव जाहले, मग पेठेचे ठाणे दारकोजी नाईकांस सांगितले. त्या काळी अवघ्या दौलतींनी मिळोन युद्धधर्माचा करार केला होता, जे, मुलूख घेईल तो राखणदार, धनी नव्हे. कैद्यास आपले शिपायासारखे जेवू घालावे, जखमीस औषध द्यावे, रयतेचे पाणी तोडू नये, आणि बेलभंडार, म्हणजे बेल व हळद, हाती देऊन रयतेकडून निष्ठेची शपथ जबरीने घेऊ नये. नाईकांस हा करार तोंडपाठ होता. नाईक शूर, कामास वाघ. खोड एकच, दुसऱ्यास कोणी चांगले म्हटले की अंगाचा तिळपापड होई.

किल्लेदारांस चावडीत ठेविले, वैद्य दिला, नाईकांचे मुदपाकातील भात दिला, आणि येथवर चूक काही नव्हती. परंतु लोक बारवेवर पाण्यास जाता चावडीचे खिडकीस रामराम करीत, पोर जन्मले तर नाव काय ठेवावे हेही तेथेच विचारीत, आणि नाईकांची स्वारी निघाली की मान खाली घालोन घरात शिरत. नाईकांनी जळाली छपरे शाकारून दिली, तर लोक म्हणाले, "किल्लेदारांनी आतून सांगितलं असेल." हे ऐकोन नाईक भरल्या पानावरून उठले आणि कारकून त्रिंबकपंतांस बोलिले, "पंत, त्या लंगड्यात आहे तरी काय? पेठ मी घेतली, छपरं मी घातली, आणि रामराम त्याला?"

पंत बोलिले, "साहेब, तो त्यांच्यातला. आपण आज आहात, उद्या तह झाला की जाल."

हे बोलणे जिव्हारी लागले. मग दवंडी पिटविली, जे, घरटी एकाने येऊन 'आम्ही नाईकांचे' म्हणोन बेलभंडार उचलावा, तोवर बारव बंद. पंतांनी हात जोडोन करार पुढे केला, तो नाईक म्हणाले, "इथं कोण बघायला येतंय!" आणि बारवेवर पहारा बसविला. दोन दिवस लेकरे पाण्यावाचून रडली, कोणी आले नाही. तिसरे दिवशी सकाळी अवघी पेठ रांगेने आली आणि मुकाट्याने बेलभंडार उचलोन गेली. नाईकांस आनंद गगनात मावेना. बारव मोकळी केली, साखर वाटविली, आणि आरशापुढे बसोन पागोटे दोन वेळा बांधिले.

आठवे दिवशी, करार मोडल्याची कुणकुण लागोन, तटस्थ दौलतीचे पंच केसो गोपाळ चौकशीस आले. भरसदरेत त्यांनी राही तेलिणीस पुसिले, "बाई, शपथ तुम्ही कुणाच्या धाकानं घेतली?"

"धाक कसला? किल्लेदारसाहेबांनी निरोप धाडला. म्हणाले, उचला आणि पाणी भरा, जुलमाची शपथ देवाला पोचत नाही. त्यांचा शब्द कोण मोडणार? न्हाईतर आम्ही मेलो असतो, पर उचलला नसता."

पंच किंचित हसोन बोलिले, "म्हणजे शपथ किल्लेदारांच्या हुकुमानं झाली. नाईक, तुमच्यावरचा हा आरोप हलका होतो. मान्य ना?"

पंतांनी मागून अंगरखा ओढिला, जे, मान्य म्हणा आणि सुटा. परंतु नाईकांचे कानात एवढेच शिरले की बेलभंडारही त्याचाच. डोळे लाल जाहले, आणि उठोन गरजले, "खोटं! हुकूम त्याचा नव्हे, माझा! बारव मी बंद केली, लेकरं मी रडवली, पेठ माझ्या धाकानं आली! त्या लंगड्याचा काय संबंध? लिहा, पंच, माझं नाव लिहा!"

पंचांनी नाव लिहिले. ठाणे त्याच दिवशी काढिले, आणि जागा दुसरी नव्हती म्हणोन नाईकांस चावडीतच किल्लेदारांशेजारील खोलीत ठेविले.

सारांश, दारकोजी नाईक पेठेस एक महिना अकरा दिवस ठाणेदार होते. पुढे रोज सकाळी लोक पाण्यास जाता किल्लेदारांचे खिडकीस रामराम करीत, आणि नाईक आपले खिडकीशी पागोटे नीट करोन उभे राहत.