अध्यापक-वार्तेतले सदूभाऊजी

मुक्ता आणि ओम,

तुमचे सदूआजोबा कुणाला जुलाब झाले की खूश व्हायचे. हे वाचून तुमची आई मला लगेच फोन करील, मुलांना हे काय लिहितेस म्हणून. करू दे. परवा मुक्ताने कळवलं, की तिला तिकडच्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासाला प्रवेश मिळाला, आणि विचारलं, आपल्या घरात याआधी हे कुणी शिकलंय का. शिकलंय. शिकवलंयसुद्धा. तुमच्या आईने सांगितलं नसणार, कारण तिला अजून लाज वाटते. तेव्हा मीच सांगते, आणि क्रमाने सांगते.

सदूभाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, डॉ. सदानंद खानविलकर. लग्न केलं नाही. रत्नागिरीच्या आपल्या घरात माडीवरच्या खोलीत पूर्वीही राहायचे, आजही राहतात. विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. डॉक्टर असून औषध कुणाला देत नसत. शेजारचा कुणी पोट धरून दारात आला, की म्हणत, औषधासाठी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जा, मला फक्त एवढंच सांगा, काल कुठे जेवलात आणि पंगतीत तुमच्या शेजारी कोण होतं. उत्तर ऐकता ऐकता त्यांचे डोळे चमकायला लागत. मग स्वयंपाकघराकडे हाक यायची, "वहिनी, यात संधी आहे."

संधी म्हणजे संशोधनाची. विहिरीचं पाणी गढूळ झालं, संधी. गल्लीतली मांजरं मेली, संधी. माझ्या भाच्याच्या लग्नात वऱ्हाडी मंडळींना मठ्ठा बाधला, तेव्हा तर मोठीच संधी. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी एकेका पाहुण्याला फोन करून विचारलं, किती वेळा जाऊन आलात. मुलीच्या काकांनाही विचारलं. ते गृहस्थ कोर्टात न्यायाधीश होते. मी महिनाभर माहेरी तोंड दाखवलं नाही. माझ्या नणंदेने, म्हणजे भाऊजींच्या सख्ख्या बहिणीने, मला ताकीद देऊन ठेवली होती, की मी आजारी पडले तर सदूला कळवायचं नाही, गेले की मग कळव.

तुमच्या आईचं लग्न ठरत होतं, तेव्हा तुमचे पुण्याचे आजोबा-आजी आपल्याकडे आले होते. चहा झाला, घावने झाले, पत्रिकेचा विषय निघाला. तेवढ्यात माडीवरून भाऊजी उतरले, नमस्कार केला आणि व्याह्यांना विचारलं, तुमच्या सोसायटीची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली. तुमची आई उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. पुढे मला कळलं, की पुण्याला परतल्यावर व्याह्यांनी गुपचूप ती टाकी उघडून पाहिली. आत काय सापडलं, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

भाऊजींबरोबर मासळीबाजारात जायचं तर मी डोक्यावरून पदर घेत असे. ते बांगड्याकडे न बघता कापणारीच्या हाताकडे बघत. जखमा किती, काटा लागल्यावर काय लावता, ताप येतो का. एकदा त्या बाईने सुरी खाली ठेवली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "डाक्टर, म्हावरा घ्यायचा तर घ्या. माजी बोटा काय बघताव?" शेजारच्या कोळणी हसल्या. भाऊजीही हसले. मला मात्र घरी येईपर्यंत वर बघवलं नाही.

आता महाविद्यालयाचं सांगते. तिथून दर महिन्याला एक वार्तापत्र निघायचं. त्यात दोन सदरं: अध्यापक-वार्ता आणि संशोधनाच्या संधी. ते काम कुणालाच नको होतं, म्हणून भाऊजी संपादक झाले आणि बरीच वर्षं राहिले. परदेशी जाणाऱ्या अंकाचं इंग्रजी मी तपासून द्यायची. कोण परिषदेला गेलं, कुणाचा निबंध छापून आला, कुणाला मानपत्र मिळालं, हे सगळं ते सकाळी न्याहारीच्या वेळी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत. अभिमान असा, की जणू घरातल्याच मुलाचा निकाल लागलाय. एखादे प्राध्यापक परिषदेत मागच्या खुर्चीवर बसून आलेले असत आणि 'मार्गदर्शन केले' असं छापा म्हणत. भाऊजी शांतपणे 'उपस्थित होते' करत. त्यामुळे तिथेही ते फारसे कुणाला आवडत नव्हते.

त्यांचं स्वतःचं नाव मात्र शेवटच्या पानावर, तळाला, बारीक अक्षरात: संपादक. तुमचे आजोबा मुद्दाम विचारायचे, "सदू, तुझी वार्ता कधी रे?" भाऊजी घावन्याचा तुकडा मोडत म्हणायचे, "येईल दादा. संधी येईल."

ती आली, तेव्हा निवृत्ती तोंडावर होती. भाताच्या लावणीत चिखलात उभं राहणाऱ्यांना एक ताप येतो, आपल्याकडे त्याला लेप्टो म्हणतात. लावणीआधी आणि लावणीनंतर लोकांचं रक्त तपासायचं, असा अभ्यास भाऊजींनी मांडला. परदेशातल्या एका विद्यापीठाने भागीदारी मान्य केली. मुख्य संशोधक म्हणून भाऊजींचं नाव आणि गाव आपलंच, राजापूरच्या बाजूचं. इतक्या वर्षांत त्यांना एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळत होतं, आणि पुन्हा मिळायला वेळ उरला नव्हता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

अट एक होती. प्रत्येकाला वेगळं बसवून समजावायचं, आणि त्याने मनाने हो म्हटलं तरच रक्त घ्यायचं. हीच गोष्ट भाऊजी वर्गात शिकवत. पण गावातून एकही माणूस पुढे येईना. रक्त मुंबईला नेऊन विकतात, असं कुणीतरी उठवलं होतं. भाऊजी घरोघर फिरले. लोक चहा देत, गुळाचा खडा देत आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हणत.

तेव्हा तुकादादा, म्हणजे गावाच्या देवळाचे मानकरी, आपले गावकर, म्हणाले, "भाऊ, एवढा कशाला फिरतंस? देवळात ठेवूया."

तुम्ही गाऱ्हाणं पाहिलेलं नाही म्हणून सांगते. गावाचं काही काम निघालं, की सगळे ग्रामदेवतेसमोर जमतात. गावकर हात जोडून देवाला सगळं सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळा गाव हुंकार देतो. त्या दिवशी मीही तिथे होते. तुकादादांनी सूर लावला, "बा म्हाराजा, ह्या तुजा लेकरू कालेजात मोटा मास्तर झालाय. त्येला आमचा रगात बगायचा हाय. त्येच्या कामात काय इडापिडा आसल, ती भायर कर रे म्हाराजा." आणि सगळ्यांनी आवाज दिला, "व्हय म्हाराजा!" त्यात माझाही आवाज होता. भाऊजी खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत रांग लागली. भाऊजी एकेकाला बसवून समजावत होते आणि लोक मध्येच तोडत होते, भाऊ, देवाला सांगितलाय ना, आता आमाला काय इचारतंस. सह्या झाल्या, अंगठे झाले. त्या महिन्याच्या अध्यापक-वार्तेत पहिली बातमी डॉ. खानविलकरांची: अभ्यासाला संपूर्ण गावाची संमती. न्याहारीला ती त्यांनी वाचली नाही. अंक तुमच्या आजोबांच्या ताटाशेजारी ठेवला आणि वर निघून गेले. मी तो शेजारी-पाजारी दाखवून आले. भाऊजींचं नाव निघाल्यावर मला पहिल्यांदाच मान खाली घालावी लागली नव्हती.

लावणी झाल्यावर भाऊजी दुसऱ्यांदा रक्त घ्यायला गेले, तेव्हा गणपतीआधी गावचं घर झाडून घ्यावं म्हणून मीही बरोबर गेले. शाळेत भाऊजींना मदत करत बसले होते. पारूवहिनींची पाळी आली. चुलत दिरांची विधवा, वावरात राबणारी, कमी बोलणारी बाई. त्यांनी हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. भाऊजींनी दंडाला पट्टा बांधला, तेव्हा मला दिसलं, की त्या रडताहेत. भाऊजींनी विचारलं, दुखतंय का. त्यांनी नाही अशी मान हलवली. मग हळूच म्हणाल्या,

"मला नको व्हता, भावजी. तेवापन नको व्हता. पन देवाच्या म्होरं नाय कसा म्हनायचा?"

भाऊजींनी पट्टा सोडला. त्यांची बाही स्वतः खाली केली. मग रांगेतल्या बाकीच्यांना विचारायला गेले. कुणी म्हणालं, देवाला शब्द दिला तो दिला. कुणी म्हणालं, आता कशाला इचारतंस. खरोखर कुणाला हवं होतं आणि कुणाला नको, हे कळायला काही मार्गच उरला नव्हता. भाऊजींनी रक्ताच्या नळ्यांची पेटी बंद केली.

एसटीत ते पेटी मांडीवर घेऊन बसले. रत्नागिरी जवळ आल्यावर म्हणाले, "वहिनी, मी त्यांना विचारलंच नाही. मी देवाला विचारलं."

प्राचार्यांनी खूप समजावलं. कागद पुरे आहेत, सह्या आहेत, तक्रार कुणाची नाही, एका बाईंना नको असेल तर त्यांना वगळा. भाऊजींचं उत्तर एकच होतं, की ती एकटीच आहे हे मला कोण सांगणार. त्यांनी अभ्यास मागे घेतला. घेतलेलं रक्त नियमाप्रमाणे नष्ट झालं. परदेशच्या मंडळींनी सभ्य भाषेत खेद कळवला. भाऊजी एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पुढचा अंक निघाला, त्यात वर एका बाईंच्या पुरस्काराची बातमी, खाली कुणाच्या तरी सिंगापूरच्या दौऱ्याची, आणि मध्ये ही:

'डॉ. सदानंद खानविलकर यांनी भातशेतीतील तापाविषयीचा आपला अभ्यास मागे घेतला आहे. ग्रामस्थांची संमती घेताना त्यांना नाही म्हणायला जागा ठेवली नव्हती. ही चूक डॉ. खानविलकर यांची आहे.'

त्यांचं संपादकपद गेलं. प्राध्यापकांच्या खोलीत हसू झालं, आणि ते बाजारापर्यंत पोचलं. तुमचे आजोबा आयुष्यात पहिल्यांदा भावावर ओरडले, "आपली लाज कुणी छापून वाटतं का?"

भाऊजी म्हणाले, "दादा, संमती मिळाली हेही मी छापूनच वाटलं होतं."

त्यानंतर घर फार शांत झालं. भाऊजी खाली मान घालून जेवत आणि वर जात. कुणाची चौकशी नाही, कुणाच्या टाकीत डोकावणं नाही. मासळीबाजारात ती बोटांवरून बोललेली बाई मला विचारू लागली, डाक्टर बरे हायत ना. एकदा शिळी आंबोळी खाऊन आम्हा सगळ्यांची पोटं बिघडली. मी मुद्दाम भाऊजींच्या समोर पोट धरून बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी ओठांवर आलं, ते गिळलं आणि म्हणाले, "नाक्यावर दाखवून या, वहिनी." त्या दिवशी मला जे वाईट वाटलं, ते न्यायाधीशांच्या वेळीही वाटलं नव्हतं.

मग एका रविवारी त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं. एकट्याला जमणार नाही म्हणाले. आम्ही गावात घरोघर गेलो. प्रत्येक दारात ते तेच बोलत होते, की मी चुकलो, तुम्हाला नको म्हणता यायला हवं होतं. लोकांची पंचाईत होत होती. कालेजातला शिकलेला माणूस, वयाने मोठा, हात जोडून उभा. म्हातारी माणसं त्याचे हात धरून खाली करत. तुकादादा तर आत निघून गेले, बाहेर येईनात. शेवटी दाराआडूनच म्हणाले, "भाऊ, नको लाजवू. गाऱ्हाणा मी घातलंय."

पारूवहिनींकडे आम्ही सगळ्यांत शेवटी गेलो. त्यांनी खळ्यात पाट टाकला, कोकमाचं सरबत दिलं. भाऊजींनी त्यांनाही तेच सांगितलं. मग भाऊजी थोडे पुढे झुकले. तो झुकण्याचा ढंग मी जन्मभर पाहिला होता. आता ते विचारणार, नको का होतं, भीती वाटली का, कशाची, आधी कधी असं झालं होतं का.

"पारूवहिनी, तुम्हाला ते नको..." एवढं बोलून ते थांबले. पेला खाली ठेवला. "नाही. सांगू नका. नको होतं, एवढं पुरे."

पारूवहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि न विचारता पेला पुन्हा भरला. परतताना भाऊजी माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. चष्मा पुसायला दोनदा थांबले. मी मागेच राहिले.

अभ्यास झाला नाही. त्यांच्या नावावर दुसरा कुठलाही नाही. वार्तापत्र आता फोनवर येतं. त्यातल्या संधी ते वाचतात, वार्ता वाचत नाहीत. मुक्ताच्या प्रवेशाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, तिला म्हणावं, नाही म्हणणाऱ्याला खुर्ची दे आधी.

आणि गावात तुकादादांनी पुढच्या वर्षीपासून गाऱ्हाण्याला एक शेपूट जोडलं. सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा' झालं, की गावकर हात जोडलेलेच ठेवून म्हणतो, ज्येला नको आसल त्येना आता बोला, देव रागावनार नाय. मग सगळे उभे राहतात आणि देऊळ गप्प असतं. बहुतेक वेळा कुणी काही बोलत नाही. एखादा बोलतो. तुकादादा गेले, आता त्यांचा मुलगा गाऱ्हाणं घालतो, आणि तोही तेवढं थांबतो.

तुमची,
आजी