व्हॉल्वमन, एक पद

सन २०१६च्या फेब्रुवारी महिन्यात कोसमझरी नगर पंचायतीने व्हॉल्वमनचे एक पद सरळसेवेने भरण्याचा निर्णय घेतला. पद बरीच वर्षे रिक्त होते. म्हणजे कागदावर रिक्त होते. प्रत्यक्षात रोज पहाटे साडेपाचला शामकलाबाई उईके लोखंडी चाबी खांद्यावर टाकून निघत आणि गल्लीगल्लीतले व्हॉल्व उघडत. त्यामुळे सहाला नळ येई, आणि पद रिक्त असल्याचे कोणाच्या लक्षात येत नसे.

कोसमझरी वर्षभरापूर्वीपर्यंत ग्रामपंचायत होती. शासनाने तिची नगर पंचायत केली. त्यामुळे गावातल्या डुकरांच्या आणि खड्ड्यांच्या संख्येत फरक पडला नाही; मात्र सरपंच बिसरामजी कटरे नगराध्यक्ष झाले आणि ग्रामपंचायतीचे लिपिक केवळराम मेश्राम हे आस्थापना विभागप्रमुख झाले. विभागात ते एकटेच होते.

केवळराम सरळ माणूस. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणा अर्जदाराचा चहा घेतला नव्हता. त्यांना स्वतःला ही नोकरी मामाच्या एका शब्दावर लागली होती, त्यामुळे गुणवत्तेनुसार भरती होणे किती आवश्यक आहे हे त्यांना इतरांपेक्षा अधिक कळत होते. नव्या मुख्याधिकारी दीप्ती मॅडम रुजू झाल्या आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "केवळरामजी, ही भरती शंभर टक्के पारदर्शक झाली पाहिजे." तेव्हा केवळरामांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. असे वाक्य त्यांनी कार्यालयात प्रथमच ऐकले होते.

जाहिरात निघाली. शिक्षण सातवी पास, अनुभव असल्यास प्राधान्य. पहिला अर्ज शामकलाबाईंचा आला. त्या सातवी पास होत्या. अनुभवाचा दाखला आस्थापना विभागाने, म्हणजे केवळरामांनीच द्यायचा होता. त्यांनी हजेरीपट काढला. रोजंदारीच्या त्या हजेरीपटावर नाव सुकराम उईके यांचे होते. सुकराम हे शामकलाबाईंचे पती. ते अकरा वर्षांपूर्वी तापाने गेले. दुसऱ्या दिवशी गावाला पाणी तर हवेच होते, म्हणून बाईंनी चाबी उचलली. हजेरीपटावरचे नाव बदलायला ठराव लागतो. तो घ्यायचा राहून गेला.

"बाई, रेकॉर्डप्रमाणे तुमचा अनुभव शून्य दिसतो," केवळराम म्हणाले. "सुकरामचा मात्र चोवीस वर्षांचा आहे."

"त्यातले अकरा तर ते मेल्यावरचे आहेत ना, भाऊ?"

"हो. पण हजेरी नियमित आहे. एकही रजा नाही."

"मग त्याईलेच घ्या नोकरीवर," बाई म्हणाल्या. "रोज बोलावत जाजा."

केवळरामांनी खूप विचार करून अनुभवाच्या रकान्यात 'निरंक' लिहिले. वाईट वाटले, पण खोटे लिहिणे त्यांना जमले नसते.

एकूण दोनशे तेरा अर्ज आले. त्यांत एकोणीस अभियंते होते, मराठीचे चार एम.ए. होते आणि एक पशुवैद्यक होता. दीप्ती मॅडमनी लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक असे दोन टप्पे ठरवले. प्रात्यक्षिकात उमेदवाराला गावातले व्हॉल्व ओळखायचे होते.

"आपले व्हॉल्व किती आहेत?" मॅडमनी विचारले.

केवळरामांनी दप्तर उलथेपालथे केले. नकाशा नव्हता. अभियंत्याला विचारले, तो म्हणाला, मी कंत्राटी आहे. बिसरामजींना विचारले, ते म्हणाले, "अरे, वो सब उस बाई को पता है."

"उत्तरतालिका नसेल तर मूल्यमापन वस्तुनिष्ठ कसे होणार?" मॅडम म्हणाल्या. "माहिती गोळा करा."

दुसऱ्या दिवशी पहाटे केवळराम वही घेऊन शामकलाबाईंच्या मागे निघाले. बाई चालता चालता दाखवत गेल्या. एक व्हॉल्व आटाचक्कीच्या पायरीखाली. एक गोठ्यात, म्हशीच्या मागच्या पायाशी. तीन नंबरचा बिसरामजींच्या ओट्याच्या सिमेंटखाली गेला होता. त्याला नालीतून हात घालावा लागे.

"अन् हा सात नंबर," टाकीखालच्या खड्ड्याजवळ थांबून बाई म्हणाल्या. "सारे व्हॉल डावीकडं खुलतेत. हा उजवीकडं खुलते. यानंच बसवला होता उलटा." 'यानं' म्हणजे सुकरामने. "याले जबरदस्ती केली का हा तुटते. मंग अर्ध्या गावाची बोंब."

तेवीस व्हॉल्व झाले. केवळरामांनी त्यांच्या जागा सुवाच्य अक्षरात उतरवल्या. कोणाच्या श्रमाचे श्रेय कोणी लाटू नये या तत्त्वाचे ते असल्यामुळे खाली एक ओळ घातली : 'माहिती देणार : श्रीमती शामकला सुकराम उईके.'

ती ओळ निवड समितीच्या बैठकीत वाचली गेली.

"म्हणजे?" बिसरामजी खुर्चीत पुढे सरकले. "ये तो पेपर लीक हो गया! जिले परीक्षा द्याची आहे, तिलेच सारे उत्तर माहीत?"

"तिच्याकडूनच तर घेतले, अध्यक्षसाहेब," केवळराम म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो. बाकी दोनशे बारा पोराईवर अन्याय नाही का हा?"

दीप्ती मॅडमनी नियमपुस्तक उघडले. त्यांना बाईंबद्दल सहानुभूती होती, आणि तसे त्यांनी इतिवृत्तात नोंदवायलाही सांगितले. पण उमेदवाराला प्रश्नपत्रिकेचे पूर्वज्ञान असणे गंभीर होते. बाईंचा अर्ज बाद झाला. नियमाने शक्य होते तेवढे मात्र मॅडमनी केले. त्यांनी बाईंना परीक्षेसाठी 'विषय तज्ज्ञ' नेमले.

"तज्ज्ञ म्हणजे काय, भाऊ?" पत्र घेताना बाईंनी विचारले.

"ज्याला सगळं येतं तो."

"अन् नोकरी?"

"ती ज्याला मार्क मिळतील त्याला."

बाईंनी पत्राची घडी घातली आणि ते कनवटीला खोचले.  केवळरामांना त्या काही बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

परीक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली, आणि ती खरोखर निर्दोष झाली. कॉपी नाही, चिठ्ठी नाही, फोन नाही. बिसरामजींचा सख्खा पुतण्या तिसऱ्या बाकावर पेन चावत बसला होता. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. प्रश्न उत्तम होते : जगातील सर्वांत खोल सरोवर कोणते, पाण्याची घनता कोणत्या तापमानाला सर्वाधिक असते वगैरे. प्रात्यक्षिक मात्र कागदावरच घ्यावे लागले. दोनशे बारा जणांनी प्रत्येकी एकदा व्हॉल्व उघडला असता तर टाकी दुपारपर्यंत रिकामी झाली असती. म्हणून प्रत्येकाला व्हॉल्वचे चित्र दिले आणि तो कोणत्या बाजूला उघडतो तिकडे बाण काढायला सांगितले.

तज्ज्ञ म्हणून बाईंना मॅडमशेजारी खुर्ची होती. त्यांनी चित्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"हा कोणता नंबर आहे?"

"सर्वसाधारण आहे," मॅडम म्हणाल्या. "बरोबर उत्तर डावीकडे."

"सातवा उजवीकडं खुलते, मॅडम."

"सातवा अपवाद आहे. अपवाद अभ्यासक्रमात नाहीत."

निकाल लागला. नागपूरचा दुर्गेश वाघमारे, भूगोलाचा एम.एस्सी., शंभरपैकी चौऱ्याण्णव. बिसरामजींच्या पुतण्याला एकतीस. बिसरामजी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी चौकात स्वतःच्या फोटोसह फलक लावला : 'ऐतिहासिक! जिल्ह्यातील सर्वांत पारदर्शक भरती!' गावालाही अभिमान वाटला. पानठेल्यावर लोक एकमेकांना सांगत होते की आपल्या पोराला लागली नाही, पण शेजाऱ्याच्याही पोराला लागली नाही. याला म्हणतात न्याय. केवळराम त्या दिवशी कार्यालयात ताठ मानेने आले.

दुर्गेश सभ्य मुलगा होता. पहिल्या सकाळी त्याने बूट घालून, हातात उत्तरतालिका धरून पाच व्हॉल्व शोधले. सहाव्याला म्हैस आडवी आली. सातव्याला त्याने चाबी लावली, डावीकडे फिरवली, फिरेना. मग चौऱ्याण्णव गुणांचा माणूस जसा जोर लावेल तसा लावला. काडकन आवाज झाला आणि अर्धे गाव कोरडे पडले.

"सर, उत्तर बरोबरच होतं ना?" त्याने येऊन केवळरामांना विचारले.

"उत्तर बरोबर होतं," केवळराम म्हणाले. 

दोन दिवस नळ आले नाहीत. तिसऱ्या पहाटे शामकलाबाईंना राहवले नाही. प्रभाग चारमध्ये एक बाळंतीण होती. बाई पाइपपाना घेऊन खड्ड्यात उतरल्या, तुटलेल्या दांडीचे बोटभर टोक पकडले, हलके उजवीकडे वळवले, आणि प्रभाग चारला पाणी आले. दहाच्या सुमारास कार्यालयात लेखी तक्रार आली की एक अनधिकृत महिला पाणी सोडत आहे. तक्रारदार प्रभाग चारचेच होते. त्यांनी आधी टाकी भरून घेतली होती.

नोटीस केवळरामांनाच लिहावी लागली आणि केवळरामांनाच बजवावी लागली. बाई अंगणात मोहफुले वाळत घालत होत्या.

"वाचा, भाऊ. चश्मा घरात आहे."

केवळरामांनी वाचले : "आपण दिनांक चार रोजी सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी, कोणताही अधिकार नसताना, नागरिकांना पाणीपुरवठा केल्याचे निदर्शनास आले आहे. सबब आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा."

"हे तुमीच लिवलं?"

"हो."

"अक्षर मस्त आहे तुमचं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा फुले पसरू लागल्या. थोड्या वेळाने न पाहताच बोलल्या, "खुलासा लिवा. लिवा का शामकलाले लोकाईची तहान दिसली, हे चुकलं तिचं. पुन्हा नाही पाहनार."

केवळरामांना त्या दिवशी जेवण गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियमाबाहेरचे काम करायचे ठरवले. नाल्यापलीकडे दोन किलोमीटरवर बेहडाटोला आहे. तिथली ग्रामपंचायत अजून ग्रामपंचायतच होती. तिथले सरपंच फागू मडावी कसल्याशा दाखल्यासाठी आले, तेव्हा केवळरामांनी दार लोटून घेतले आणि हळूच विचारले, "तुमच्याकडं पाणी कोण सोडतं हो?"

"कोनीच नाही. पोऱ्या पळाला हैदराबादले. मीच सोडून राहिलो."

संध्याकाळी दोघे शामकलाबाईंच्या अंगणात उभे होते.

"पानी सोडता येते ना, बाई?" फागूने विचारले.

"येते."

"मंग उद्यापासून ये."

बाई केवळरामांकडे पाहू लागल्या. केवळराम पुढे झाले. "सरपंचसाहेब, जाहिरात वगैरे..."

"जाहिरात कायले? पाऊन किलोमीटर पाईप आहे आमचा."

"निदान मुलाखत?"

"हे काय करून राहिलो मंग?" फागू म्हणाला आणि गाडीला किक मारली.

बेहडाटोल्यात सहाच्या ठोक्याला नळ येऊ लागला. कोसमझरीत सातव्या व्हॉल्वच्या दुरुस्तीची निविदा निघाली. एकच निविदा आल्यामुळे पारदर्शकतेच्या दृष्टीने ती रद्द झाली. मग पुन्हा निघाली. दुर्गेशला सहा आठवड्यांच्या 'व्हॉल्व व्यवस्थापन' प्रशिक्षणाला पाठवले. तोवर कोसमझरीची माणसे पाण्याचे गुंड-हंडे, डबे, कॅना घेऊन नाला ओलांडत आणि बेहडाटोल्याच्या सार्वजनिक नळावर रांग लावत. बेहडाटोल्याने त्यांना अडवले नाही. शामकलाबाई उलट त्यांच्यासाठी अर्धा तास जास्त नळ सोडत. केवळरामांची पत्नी अन्नपूर्णाही त्या रांगेत असे. घरी आल्यावर म्हणे, "शामकलाच्या हातचं पानी वेळेवर येते बाप्पा."

केवळराम मनातल्या मनात सुखावत. एक तरी काम आपल्या हातून योग्य झाले.

मे महिन्याच्या शेवटी टपालात एक जाड पाकीट आले. मा. जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनाची प्रत, माहितीस्तव. विषय : बेहडाटोला ग्रामपंचायतीने जाहिरात न देता, परीक्षा न घेता, गुणवत्ता डावलून केलेली व्हॉल्वमनची बेकायदेशीर नेमणूक तात्काळ रद्द करणेबाबत. निवेदक : कोसमझरी येथील समस्त जागरूक नागरिक. पहिली सही बिसरामजींची. तिच्याखाली तीनशे चाळीस सह्या.

केवळराम एकेका सहीवरून बोट फिरवत गेले. आटाचक्कीवाला होता. म्हशीवाला होता. प्रभाग चारच्या बाळंतिणीचा नवरा होता. एकशे सत्तावन्नाव्या ओळीवर बोट थांबले. केवळराम पाकीट पिशवीत घालून घरी गेले.

"ही सही तुझी?"

"हो, माहीच," अन्नपूर्णा म्हणाली. "नळावर कागद फिरून राहिला होता. रांगेत साऱ्याईनंच केली."

"बेहडाटोल्याच्या नळावर?"

"मंग आपल्या नळाले पानी आहे कोठी?"

"कशाबद्दल आहे ते वाचलंस?"

"अन्यायाविरुद्ध आहे म्हने. एका हातात गुंड, एका हातात पेन, वाचाले डोळे कोठून आनू? अन् अन्यायाविरुद्ध सही कराले वाचा लागते काय?"

केवळरामांनी पाकीट पुन्हा पिशवीत घातले. दुसऱ्या दिवशी त्यांनी निवेदनावर आवक शिक्का मारला, क्रमांक घातला, तारीख घातली. अक्षर नेहमीसारखे सुवाच्य आले. निवेदन पुढील कार्यवाहीसाठी आस्थापना विभागात ठेवण्यात आले असून त्याच्या शेवटच्या पानावर 'इतर सुजाण नागरिक' या शीर्षकाखाली काही ओळी कोऱ्या आहेत. इथवर वाचून ज्यांना अन्यायाची चीड आली असेल, त्यांनी सहीसाठी कार्यालयीन वेळेत यावे. सोबत पिण्याचे पाणी आणावे.