हलता कामा नये

सूनबाईने गच्चीवर तीन पत्र्यांचा कोपरा उभा केला, तेव्हा सासऱ्यांना राहवेना. ते निवृत्त गवंडी. घर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं. गच्चीवर काय चाललंय हे त्यांनी नाही विचारायचं तर कोणी?

सूनबाई भूगर्भशास्त्रज्ञ. तिने समजावलं की वरून उपग्रह रडारच्या लहरी सोडतो आणि हा कोपरा त्या आल्या वाटेने परत पाठवतो. ढग असोत की अंधार, त्याचं काही अडत नाही. गल्लीखालून जमिनीत एक जुनी भेग जाते आणि आपली बाजू खचते आहे, असा तिचा कयास होता. म्हणून एक कोपरा इथे, दुसरा गल्लीपलीकडच्या गच्चीवर. दोहोंत मिलिमीटरचा फरक पडला, तरी वरून कळणार.

ढगातून दिसतं म्हणजे काय, यावर सासरे दोन दिवस विचार करत होते. दोन्ही कोपरे एका पातळीत आणायचं काम मात्र त्यांनीच हौसेने केलं. पाण्याची नळी गल्लीवरून ताणली, पेन्सिलीने खुणा केल्या.

"बाबा, आता हे अजिबात हलता कामा नये."

"माझी जबाबदारी," सासरे म्हणाले.

उपग्रह दर बारा दिवसांनी डोक्यावरून जाई. त्या दिवशी सासरे गच्ची झाडून ठेवत. आकडे येत आणि दर वेळी फरक शून्य. वर्षभरात काही दिसलं नाही तर काम बंद, असं तिच्या कार्यालयातल्या साहेबांनी आधीच बजावलं होतं. वर्ष संपलं. सूनबाई हिरमुसून कोपरा काढायला वर गेली आणि तो उचलताच थबकली. खाली पुठ्ठ्यांची चळत होती. प्रत्येकावर तारीख.

"बाबा, हे काय?"

"तूच म्हणालीस ना, हलता कामा नये. दर महिन्याला नळी लावतो. आपली बाजू केसभर उतरलेली असते. घालायचा एक पुठ्ठा, की झालं बरोबर."

आधी सूनबाईला रडू आलं, मग तिने पुठ्ठे मोजले. बारा महिने, बारा पुठ्ठे, बारा मिलिमीटर. तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. हे मोजलं कोणत्या उपकरणाने, असं त्यांनी विचारलं.

"सासऱ्यांनी," ती म्हणाली.

काम वाचलं. सूनबाईचा आनंद गगनात मावेना, पण सासऱ्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे माझं घर खचतंय?"

"घर नाही, बाबा. खालची जमीन."

"बांधकामात खोट नाही ना?"

"तडासुद्धा गेलेला नाही कुठे."

"मग ते अहवालात पहिल्या पानावर लिही," असं म्हणून सासरे तेरावा पुठ्ठा कापायला बसले.