छोटीच्या गंभीर शंका

छोटीनं मेल पाठवला, लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर तसाच उघडा टाकला आणि ती कपडे वाळत घालायला गेली. परत आली तेव्हा वहिनी एका हातात सोललेला कांदा धरून स्क्रीनसमोर थिजल्यासारखी उभी होती.

"हे तू लिहिलंस?"

"हो, मॅडमना. का गं?"

"काय विचारायचं होतं तुला?"

"शेवाळाची वाढ मोजायची त्यांची पद्धत आहे ना, त्यातलं थोडं मला कळलं नाही. तेच विचारलंय."

वहिनीनं कांदा खाली ठेवला आणि इंग्रजी मेलचा अर्थ सावकाश सांगितला. "'तुमच्या पद्धतीबद्दल मला गंभीर संशय आहे. लवकरात लवकर खुलासा करावा.'"

"संशय कुठे? डाउट लिहिलंय. डाउट म्हणजे शंका!"

"ती आपली शंका. वर्गात हात वर करून विचारतो ती. ह्या इथल्या गोऱ्या लोकांचा डाउट म्हणजे संशयच. मी हॉटेलच्या रिसेप्शनवर नवी असताना एका पाहुण्याला म्हटलं, तुमच्या बुकिंगबद्दल मला जरा डाउट आहे. बिचाऱ्यानं पासपोर्ट काढला, लग्नाचा दाखला काढला, शेवटी बायकोला पुढे उभं केलं."

छोटी मटकन खुर्चीत बसली. सत्ताविशी गाठली तरी घरात ती छोटीच होती. परदेशात दादा-वहिनीकडे राहून तिथल्या विद्यापीठात शेवाळावर पीएच.डी. करत होती. तिच्या गाइड मॅडम म्हणजे शेवाळातलं मोठं नाव. साठीला टेकलेल्या, इतक्या मऊ स्वभावाच्या, की चुकून खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीची माफी मागत. त्या बाईंकडे आपण खुलासा मागितला!

"रडू नकोस," वहिनी म्हणाली. "माफीचा मेल मी लिहिते. हॉटेलात दिवसभर मी दुसरं करते काय?"

मेल झकास उतरला. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी होती, आपल्या सूचना आमच्यासाठी मोलाच्या आहेत असं होतं. शेवटी वहिनीच्या बोटांना सवय असल्यामुळे 'आमच्यासोबतचा आपला मुक्काम सुखाचा झाला असेल' हेही आलं होतं. छोटीनं 'मुक्काम' खोडून 'मार्गदर्शन' घातलं आणि वाक्य जरा फिरवलं. 'आपलं मार्गदर्शन फार सुखाचं होतं. पुन्हा कधी योग आला तर आनंदच होईल.'

मॅडमचं उत्तर लगेच आलं. 'फार छान लिहिलंस. थोडं आश्चर्य वाटलं. तुला सोयीचं असेल तेव्हा गप्पा मारू या का?'

"बघ, छान म्हणाल्या!" वहिनी खूश झाली. "आणि सोयीनं म्हणतायत, म्हणजे घाई नाही. सुटलीस."

छोटीला ती सोय काही होईना. प्रयोगशाळेत ती मॅडमच्या खोलीवरून जायचं टाळून मागच्या जिन्यानं जाऊ लागली. शेवाळाच्या ट्रेवर पाणी फवारताना मॅडमची चाहूल लागली, की ट्रेमध्ये नाक खुपसून उभी राही. मॅडम दारात घुटमळत, "नंतर येते हं, तू कामात आहेस," म्हणत आणि निघून जात.

अशात एका सकाळी मागच्या जिन्यातच तिला बुरशीवाले प्राध्यापक भेटले. त्यांनी तिचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

"ये, ये! मॅडमनी फार कौतुक केलं तुझं. म्हणाल्या, हुशार मुलगी आहे, तिला नीट सांभाळा. बुरशी आवडते ना?"

मॅडमनी आपल्याला दुसऱ्याच्या गळ्यात मारलं! इतकी वर्षं शेवाळात घालवून आता बुरशी! ती तशीच धावत खाली आली आणि दार न वाजवताच मॅडमच्या खोलीत शिरली. पाठ केलेली सगळी सभ्य वाक्यं जिन्यातच सांडली होती.

"मला बुरशी नको!" ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

मॅडम गडबडून उठल्या. टेबलाला म्हणाल्या, "सॉरी," मग तिला म्हणाल्या, "बैस." टेबलभर आकडेमोडीचे कागद पसरले होते.

"तुझ्या मेलपासून मी माझी पद्धत पुन्हा तपासतेय," त्या हळूच म्हणाल्या. "सगळी मापं नव्यानं घेतली. मला चूक सापडत नाही गं. कदाचित वय झालं असेल. तूच दाखव."

"चूक नाहीच आहे, मॅडम! मला समजलं नव्हतं, एवढंच. आमच्या भाषेत विचारायचं असलं की आम्ही शंका आहे म्हणतो."

"आणि तो निरोपाचा मेल?"

"तो माफीचा होता. माझ्या वहिनीनं लिहिला, ती हॉटेलात कामाला आहे."

मॅडमना असं हसू फुटलं, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आणि मी समजले, तुला दुसरा गाइड हवाय! म्हटलं, जायचंच तर चांगल्या घरी जाऊ दे."

छोटीही रडता रडता हसू लागली. हसणं ओसरल्यावर मॅडमनी दबकत विचारलं, "मग एक सांग. तुझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण तू अजून का बदललं नाहीस? मी किती वेळा सांगितलं."

"कधी? तुम्ही म्हणालात, सवड मिळाल्यास एकदा नजर टाकायला हरकत नाही. मला सवडच मिळाली नाही."

"अगं, म्हणजे पुन्हा लिही!"

छोटी सावरून बसली. "आणि 'रंजक आहे' लिहिलं होतंत, ते?"

"म्हणजे पटलं नाही."

"'बरंच धाडसी'?"

मॅडमनी मान खाली घातली. "म्हणजे चूक."

"मी आईला फोन करून सांगितलं होतं, धाडसी म्हणाल्या म्हणून! तिनं सगळ्या नातेवाइकांना कळवलं!"

"घरापासून लांब आलेली मुलगी," मॅडम पुटपुटल्या. "सरळ लिहिलं तर मनाला लागेल, असं वाटायचं. तुला पाठवायच्या मेलमधली एकेक ओळ मऊ करण्यात माझे रविवार जायचे."

छोटीचेही रविवार त्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचण्यात जात होते.

"मॅडम, सरळ सांगा ना. कसं आहे ते प्रकरण?"

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं, कागद सारखे केले, घसा खाकरला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"वाईट," त्या म्हणाल्या.

"फार?"

"फारच." आणि एकदा भीड चेपल्यावर घाईघाईनं म्हणाल्या, "फेकूनच दे ते. उरलेलं सगळं उत्तम आहे, आणि हे मी खरंच म्हणतेय."

ते प्रकरण छोटीला स्वतःलाही कधी आवडलं नव्हतं. तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग दुपारपर्यंत तिनं एकेक शंका विचारली आणि मॅडमनी एकेक फेडली.

संध्याकाळी ती गुणगुणत घरात शिरली तेव्हा दादा-वहिनी दोघंही वाट बघत होते.

"काय म्हणाल्या?" वहिनीनं विचारलं.

"तिसरं प्रकरण फार वाईट आहे म्हणाल्या. फेकून दे म्हणाल्या."

दादाचा चेहरा पडला. "मग हसतेस काय वेड्यासारखी?"

"अरे दादा," ताट वाढून घेत छोटी म्हणाली, "आज पहिल्यांदा त्या माझ्याशी घरच्यासारखं बोलल्या!"