टर्बोचा ताप

डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा तिच्यात काट्यांची काही कमी नव्हती. वेगाचा एक, इंजिनाच्या फेऱ्यांचा एक, पेट्रोलचा एक. एवढ्यावर कुणाचंही भागलं असतं. पण डॉक्टर भूल देणारे होते. चिरफाड दुसऱ्याने करायची आणि आपण पेशंटच्या उशाशी बसून पडद्यावरचे आकडे बघायचे, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. समोर आकडे नसले की त्यांना चैन पडत नसे. ते दूध तापवतानासुद्धा थर्मामीटर शोधतात, असं त्यांची बायको सांगायची, आणि हे धादांत खोटं आहे असं त्यांना छातीठोकपणे म्हणता येत नसे.

गाडी सात जणांची होती आणि तिला टर्बो होता. "इंजिन लहान आहे, पण टर्बोमुळे ताकद मोठ्या इंजिनाची," असं शोरूममधल्या माणसाने कौतुकाने सांगितलं. डॉक्टरांना ऐकू आलं ते वेगळंच. लहान हृदय, त्यावर मोठं काम, आणि नाडी बघायला कुणी नाही. त्यांनी इंटरनेटवर शोधाशोध केली. निम्मे लोक म्हणत होते की घरगुती गाडीला जादा मीटर लावणं म्हणजे शुद्ध हौस आहे. उरलेले म्हणत होते की टर्बो तापून बसेल तेव्हा कळेल. डॉक्टरांनी या उरलेल्यांवर विश्वास ठेवला, कारण ते जास्त चांगलं घाबरवत होते.

"कंपनीने धोक्याचा दिवा दिलाय ना?" बायको म्हणाली. "काही झालं की लागेल तो."

"दिवा लागतो तेव्हा होऊन गेलेलं असतं सगळं. मी पेशंटच्या छातीवर दिवा ठेवून पेपर वाचत बसतो का?"

"पेशंटमध्ये बसून आपण पोरीला शाळेत सोडायला जात नाही."

यावर डॉक्टर सरळ मीटरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "डॉक्टर, तुम्हाला मी काय समजावणार?" यापुढे त्याला काही समजावावं लागलंच नाही. काचेच्या कडेला तीन गोल मीटर बसले. एक टर्बोच्या दाबाचा, एक ऑइलच्या दाबाचा आणि एक ऑइलच्या तापमानाचा. काटे लाल, आकडे पांढरे. फक्त कुठला आकडा चांगला आणि कुठला वाईट, हे विचारायचं राहून गेलं.

ते राहून गेलंय, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं परिषदेच्या दिवशी, भर हमरस्त्यावर.

परिषद बायकोची होती. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. ओलसर भिंतींवर जी हिरवी मखमल पसरते त्या मॉसवर तिने वर्षानुवर्षं काम केलं होतं, आणि आज पहिल्यांदाच ती मोठ्या लोकांसमोर बोलणार होती. बरोबर मॉसचे जिवंत नमुने होते, उघड्या खोक्यांत. त्यांच्यावर अधूनमधून पाणी फवारायला हवं, म्हणून ती खोक्यांसकट सगळ्यात मागच्या सीटवर बसली होती आणि भाषण पुटपुटत होती. मधल्या सीटवर सासरेबुवा होते. ते निवृत्त न्यायाधीश. डोळे मिटून बसायची त्यांची जुनी सवय होती आणि ते झोपलेत की ऐकतायत हे वकिलांनाही कधी कळलं नव्हतं. पुढे डॉक्टरांच्या शेजारी मुलगी होती. तिला तीन मीटर वाचायचं काम दिलं होतं.

चढण सुरू झाली तशी मुलगी म्हणाली, "बाबा, ऑइल शंभर."

"शंभर?"

"शंभर चांगलं की वाईट?"

"शंभर म्हणजे... उकळतं."

"पाणी उकळतं बाबा. हे तेल आहे."

डॉक्टरांनी तेवढ्यात एसी बंद केला. इंजिनावरचा भार कमी व्हायला हवा होता. मागून फवारणीचा आवाज थांबला.

"एसी का बंद झाला? उकाड्याने माझं मॉस सुकेल."

"दोन मिनिटं. मॉसला काय कळतंय?"

हे बोलायला नको होतं, हे बोलता बोलताच डॉक्टरांना समजलं. सासरेबुवांनी एक डोळा उघडून जावयाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. मागे फवारणी पुन्हा सुरू झाली, जरा जोरातच.

तेल एकशे पाचवर गेलं तेव्हा डॉक्टरांनी रस्त्याकडेच्या एका हॉटेलासमोर गाडी घेतली. पण इंजिन चालूच ठेवलं. तापलेला टर्बो एकदम बंद करायचा नसतो, त्याला हळूहळू शांत होऊ द्यायचं असतं, एवढं त्यांनी वाचलं होतं. मुलगी बिस्किटं घेऊन आली आणि पुन्हा मीटरसमोर बसली. दोघं काट्याकडे बघत राहिले. मागे दार सरकलं, फवारल्याचा आवाज झाला, दार पुन्हा सरकून बंद झालं. सगळं यथासांग होतं. काटा नव्वदवर आल्याबरोबर डॉक्टरांनी समाधानाने गाडी रस्त्यावर काढली.

आता ते इतक्या सावकाश चालवत होते की ट्रकसुद्धा वैतागून पुढे जात होते. खिशातला फोन वाजला. मुलीने काढून पाहिला. "अनोळखी नंबर आहे."

"नको उचलूस. लक्ष काट्यावर ठेव."

फोन परत वाजला. परत कुणी उचलला नाही. मागे मात्र शांतता होती, आणि डॉक्टरांना ती शांतता चांगली ओळखीची होती. बायको भांडली तर निभावतं. ती गप्प बसली की रात्रीपर्यंत काही खरं नसतं. आरशातून त्यांना सीटची उंच पाठ आणि एका खोक्याचा कोपरा, एवढंच दिसत होतं.

"ऐकतेयस ना?" ते म्हणाले. "मॉसला काय कळतंय म्हणालो ते चुकलं माझं."

उत्तर नाही.

"एसी लावलाय बघ परत. आणि खरं सांगू? या मीटरमधलं मला काही कळत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे मला विचारतात, तिथे मी शहाणा असतो. घरी मला कुणी काही विचारत नाही. म्हटलं, निदान गाडीत तरी विचारतील. उद्या काढून टाकतो तिन्ही."

तरीही उत्तर नाही. मुलगी चकित होऊन बापाकडे बघत होती. इतकी संपूर्ण शरणागती तिने घरात कधी ऐकली नव्हती. डॉक्टरांनाही वाटलं, आता तरी एखादा हुंकार मिळायला हरकत नव्हती. ते थोडे दुखावलेच.

तेवढ्यात एक जुनाट, छोटी गाडी खडखडत त्यांच्या शेजारून पुढे जाऊ लागली. चालवणारे गृहस्थ पांढऱ्या केसांचे होते. शेजारी एक बाई बसली होती.

वातावरण सैल करायला डॉक्टर मागे ओरडून म्हणाले, "अगं, ती बाई बघ. थेट तुझ्यासारखी दिसते."

बाईने डॉक्टरांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. मग शांतपणे मान वळवून ती समोर बघू लागली. गाडी पुढे निघून गेली.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "ती आईच आहे."

तिने वळून, वाकून मागच्या सीटवर पाहिलं. तिथे खोकी होती, भाषणाचे कागद होते आणि आईची पर्स होती, फोनसकट. फक्त आई आणि फवारणीची बाटली नव्हती. बाटलीतलं पाणी संपलं म्हणून ती भरून आणायला गेली असणार, आणि बंद झालेलं दार तिने उतरून बाहेरून बंद केलं असणार.

सासरेबुवांनी दोन्ही डोळे उघडले. "डॉक्टर, हॉटेलापाशी मला डुलकी लागली होती, पण तुमचा कबुलीजबाब मी पूर्ण ऐकला. चांगला होता. पण फिर्यादीच हजर नव्हती, त्यामुळे तो ग्राह्य धरता येणार नाही. परत द्यावा लागेल."

डॉक्टरांनी पाय दाबला. टर्बो म्हणजे काय ते गाडीने त्यांना तेव्हा पहिल्यांदा दाखवलं.

"बाबा, ऑइल एकशे दहा."

"असू दे."

"एकशे पंधरा."

"असू दे म्हटलं ना."

गाडी एकदाही कुरकुरली नाही. कुरकुरायचं काम डॉक्टर मनातल्या मनात स्वतःच करत होते. आयुष्यात एकही पेशंट आपण टेबलावर विसरून आलो नाही, आणि बायको मात्र हॉटेलात विसरलो.

पुढे ट्रकांच्या रांगेत ती जुनाट गाडी काही हाती लागली नाही. सभागृहाशी पोचल्यावर एक खोकं त्यांनी घेतलं, एक मुलीने, एक निवृत्त न्यायाधीशांनी, आणि तिघं धापा टाकत आत शिरले. बायको व्यासपीठावर बसली होती. बोलायची वेळ अजून झाली नव्हती. तिच्या शेजारी ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. ते सत्राचे अध्यक्ष निघाले. डॉक्टरांनी खोकी टेबलावर मांडली आणि हळूच "सॉरी" म्हटलं. ती म्हणाली, "नंतर," आणि गोड हसली. ते हसू त्यांना आवडलं नाही.

अध्यक्ष उठले. "आज एक सुंदर योग आला," ते म्हणाले. "मी वाटेत चहाला थांबलो होतो. आजच्या वक्त्या तिथे भेटल्या. यांचे यजमान डॉक्टर आहेत, आणि नेमका तातडीचा पेशंट निघाल्यामुळे त्यांना पत्नीला तिथे ठेवून धावावं लागलं. फोन उचलायलाही उसंत नव्हती. तरी नमुने मात्र वेळेवर आणून पोचवले. अशी माणसं विरळ. येताना आम्ही मॉसवर इतकं बोललो की मी यांना भाषणासाठी दुप्पट वेळ द्यायचं ठरवलंय."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांना उभं राहून नमस्कार करावा लागला. बाजूला सासरेबुवा तोंडावर रुमाल धरून खोकत होते.

भाषण छान झालं. लोकांनी प्रश्न विचारले, खोक्यांभोवती गर्दी केली, वाकून वाकून मॉस पाहिलं. डॉक्टर एका खांबाला टेकून ते सगळं बघत होते. ती इतकं छान बोलते हे आपल्याला घरात कळलं नव्हतं, हे त्यांना तिथे कळलं.

चहाच्या वेळी अध्यक्ष कप घेऊन मुद्दाम त्यांच्याकडे आले. बायकोही बरोबर होती.

"डॉक्टर, तुमच्या पेशंटचं काय झालं? मला सारखी काळजी लागून राहिली होती. गंभीर होतं का?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती कपात बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"पेशंटला काही झालेलंच नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "डॉक्टर घाबरला होता."